न टोचलेल्यांचाही हिशेब ठेवणारे हाफकिन

मोहन्यातला माणूस आंबिवलीला लोकल पकडतो, कल्याणला गाडी बदलतो आणि नातेवाइकाला भेटायला टाटा किंवा केईएम रुग्णालयात जायचे असेल तर परळला उतरतो. तिथेच आचार्य दोंदे मार्गावर एक जुनी, भव्य वास्तू आहे. एके काळी ते मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होते. आज तिथे हाफकिन संस्था आहे. सर्पदंशावरचे औषध आणि पोलिओचे थेंब यांमुळे हे नाव आपल्याला माहीत असते. पण ज्यांच्यावरून ते पडले त्या वॉल्डेमार हाफकिन यांनी लशींइतकेच मोलाचे आणखी एक काम आपल्याकडे केले. सरकारी उपायाने खरोखर माणसे वाचली की नाही, हे तपासण्याची रीत त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी भायखळ्याच्या तुरुंगात आणि बडोदा संस्थानातल्या एका खेड्यात वापरून दाखवली.

या रीतीची गरज का पडते, ते आधी पाहू. समजा, पावसाळ्यात मोहन्यातल्या एका वस्तीत डेंग्यूचे रुग्ण वाढले. तक्रारी झाल्या, महापालिकेची गाडी आली, धूरफवारणी झाली. महिनाभराने रुग्ण कमी झाले. फवारणीचा गुण आला, असे आपण सहज म्हणतो. पण पावसाळा सरल्यावर डेंग्यू तसाही ओसरतो. शिवाय फवारणी नेहमी साथ शिगेला पोहोचल्यावरच होते, आणि शिगेनंतर उतारच असतो. मग गुण फवारणीचा की ऋतूचा? फवारणी झाली नसती तर काय झाले असते, हे कळल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. आणि जे झालेच नाही, ते पाहायचे कसे? हाफकिन यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले. शेवटी तो त्यांच्यावरच उलटला.

ओडेसा ते कोलकाता

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्य नव्हते. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला होता. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासासाठी पुढे नोबेल मिळवणारे मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. त्या काळी रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. तरुण हाफकिन स्वसंरक्षण दलात सामील झाले आणि त्यांनी तुरुंगही पाहिला. धर्म बदलला असता तर विद्यापीठात पुढे जाण्याची वाट मोकळी झाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. अखेर ते पॅरिसला गेले. पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना पहिले काम मिळाले ते ग्रंथालयात. दिवसा पुस्तके आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असे करत त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

लस निर्धोक आहे, एवढे त्यावरून कळले. ती रोग टाळते का, हे पाहायचे तर जिथे पटकी हटत नाही तिथे जायला हवे होते. १८९३ साली ते भारतात आले. पुढच्या सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगाल आणि आसामचे चहामळे इथे सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली.

कोलकात्यातल्या एका वस्तीचा प्रसंग त्यांच्या पुढच्या वाटचालीसाठी महत्त्वाचा ठरला. १८९४ साली तिथे पटकीने माणसे दगावू लागली. सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. त्यानंतर वस्तीत जे आजारी पडले ते लस न घेतलेल्यांपैकी होते. कोलकाता पालिकेला हा पुरावा पटला आणि तिने कामासाठी पैसे दिले.

पण या पुराव्यात एक फट होती. लस घ्यायला आपणहून पुढे येणारा माणूस आणि घरात बसून राहणारा माणूस सारखे असतात का? पुढे येणारा कदाचित जास्त काळजी घेणारा असेल, पाणी गाळून पीत असेल, अंगाने धडधाकट असेल. तसे असेल तर तो लशीविनाही वाचला असता. दोन गटांत आधीपासूनच फरक असेल तर शेवटी दिसणारा फरक उपायाच्या खात्यावर टाकता येत नाही. आज धोरणांची पारख करणारे अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ज्या चुकीला सर्वाधिक जपतात, ती हीच.

मुंबईत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. रस्ते आणि गटारे धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, माणसांना घराबाहेर काढून छावण्यांत ठेवले गेले. कल्याणला तेव्हाही रेल्वेचा मार्ग कसारा आणि कर्जत अशा दोन दिशांना फुटत होता. तिथे मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांना उतरवून त्यांची तपासणी होऊ लागली. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरझडतीच्या जुलमाने लोक पेटले आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

यातल्या कोणत्या उपायाने किती जीव वाचले, हे सांगायची सोय नव्हती. मुंबईत प्लेग हिवाळ्याच्या अखेरीस चढायचा आणि पावसाळ्यापर्यंत उतरायचा. त्यामुळे उन्हाळ्यात जो उपाय चालू असेल तो यशस्वी वाटायचा. पुढच्या हिवाळ्यात प्लेग पुन्हा हजर व्हायचा.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसाच्या रसात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. तुपाच्या थेंबाखाली जंतूंची वाढ झुंबरासारखी लोंबायची. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे, की लस तयार. तीन महिन्यांत हे साधले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० घनसेंटिमीटरची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत उतरले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तिथे पोहोचले. कैद्यांपैकी साधारण निम्मे लस घ्यायला तयार झाले. दोन्ही गट एकाच भिंतीच्या आत, एकच अन्न खाणारे, एकाच कोठडीत झोपणारे. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. टोचलेल्यांत २ जणांना झाला आणि कोणी दगावले नाही.

तुरुंगामुळे परिस्थितीतला फरक बराच पुसला गेला होता. पण स्वेच्छेची ती जुनी फट तशीच राहिली होती, कारण लस कोणी घ्यायची हे कैद्यांनीच ठरवले होते. शहरातही तेच घडत होते. आगाखान तिसरे यांनी स्वतः लस घेतली आणि त्यांच्या खोजा अनुयायांपैकी हजारो लोक त्यांच्यामागून आले. टोचलेल्या खोजांत मृत्यू कमी दिसले. पण नेत्यामागे लगेच येणारे आणि मागे राहणारे सारखे होते, असे कोण सांगणार?

एक सोडून एक

१८९८च्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी निवड कैद्यांच्या हाती ठेवली नाही. कैद्यांना रांगांमध्ये बसवले आणि एक सोडून एक माणसाला लस टोचली. कोण धडधाकट, कोण घाबरट, कोण शहाणा याला आता अर्थ उरला नाही. रांगेतल्या जागेवरून गट ठरला. न टोचलेल्यांत १० जण आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्यांत ३ जण आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही.

इथे थांबून एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. त्या कैद्यांची संमती घेतली गेली नव्हती. आजच्या नियमांत असा प्रयोग उभा राहणार नाही, आणि राहूही नये. तुरुंगातल्या माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक नसते, म्हणूनच आज त्याला जास्त संरक्षण दिले जाते. हाफकिन यांची पद्धत आपण घेतली आहे, पण त्यांच्या काळाची ही सवय मागे सोडली आहे.

तुरुंगातले निष्कर्ष खेड्यात लागू पडतील का, हा पुढचा प्रश्न होता. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात उंढेरा नावाचे गाव आहे. १८९८च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग होता. हाफकिन यांनी गावातल्या कुटुंबांची यादी केली आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. दोन्ही निम्मे भाग होता होईल तो सारखे राहतील, असे पाहिले. घर तेच, चूल तीच, अंगण तेच. पुढे काही आठवड्यांनी अधिकाऱ्यांनी घरोघर जाऊन चौकशी केली.

२८ घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांत टोचलेली ७१ माणसे होती. त्यांतल्या ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. न टोचलेली ६४ माणसे होती. त्यांतल्या २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. दर शंभरी मोजले तर टोचलेल्यांत सुमारे ४ मृत्यू, न टोचलेल्यांत सुमारे ४१.

या हिशेबाचे बळ कशात आहे ते पाहण्यासारखे आहे. प्लेग कसा पसरतो, हे हाफकिन यांना तेव्हा नीट ठाऊक नव्हते. उंदरावरची पिसू रोग पोहोचवते, असे पॉल-लुई सिमाँ यांनी त्याच वर्षी मांडले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. पण उंदीर असोत, पिसवा असोत की आणखी काही, एका घरातल्या टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांच्या वाट्याला ते सारखेच येत होते. कारण माहीत नसतानाही परिणाम मोजता आला, तो या जोडीमुळे.

सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने १८९८-९९ मध्ये हे सगळे आकडे चाळले. मोजणीतल्या त्रुटींवर बोट ठेवले, पण लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात हे मान्य केले. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या त्या जुन्या निवासस्थानात आली.

मुल्कोवालची बाटली

१९०२ साली पंजाबात लसीकरणाची मोठी मोहीम निघाली. परळहून लशीच्या बाटल्या जाऊ लागल्या. मागणी पुरवण्यासाठी हाफकिन यांनी तयार करण्याच्या पद्धतीत बदल केला होता. कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. ३० ऑक्टोबरला मुल्कोवाल या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. ते सगळे दगावले.

चौकशी आयोग बसला. बाटली परळहून निघण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा त्याने निष्कर्ष काढला. पद्धत बदलली होती आणि माणसे मेली होती. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी जोडल्या गेल्या. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

त्यांनी आयुष्यभर जो प्रश्न विचारला तोच इथे नीट विचारला गेला नाही. दोष परळच्या पद्धतीत असता तर काय दिसायला हवे होते? त्याच पद्धतीने बनलेल्या इतर बाटल्यांनीही घात करायला हवा होता. तसे झाले नाही. त्या दिवशी मुल्कोवालमध्येच वापरलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कोणाला धनुर्वात झाला नाही. धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढत असते तर उघडताना घाण वास यायला हवा होता. तो आल्याची नोंद नव्हती. उलट, त्या बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीत आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात.

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. मलेरियाचा डासांशी संबंध दाखवणारे रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कोलकात्यात दुय्यम सोयींमध्ये काम करत पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले.

पुढे ते फ्रान्समध्ये आणि मग स्वित्झर्लंडमध्ये राहिले. त्यांनी लग्न केले नाही. उतारवयात ते धर्माकडे वळले आणि आपली पुंजी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवून गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्ये त्यांचे निधन झाले.

रीत पुढे गेली

१९१५ साली ग्रीनवुड आणि यूल या दोन ब्रिटिश संशोधकांनी लशींच्या आकडेवारीसाठी अटी मांडल्या. दोन्ही गट सारखे हवेत. रोगाशी दोघांचा संपर्क सारखा हवा. आणि कोणी लस घेतली हे माहीत असल्याचा परिणाम निदानावर होता कामा नये. यातल्या पहिल्या दोन अटी उंढेऱ्यात हाफकिन यांनी बऱ्याच अंशी पाळल्या होत्या. पुढे एक सोडून एक या रीतीची जागा चिठ्ठी टाकण्याने घेतली, कारण पुढचा क्रमांक कोणाचा हे आधी कळले तर माणूस मागेपुढे करता येतो. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या चिठ्ठीच्या रीतीने पार पडली.

ही रीत मग औषधांपुरती राहिली नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ या काळात ‘बालसखी’ योजना तपासली गेली. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच तरुणी वेगळे बसवून शिकवते, असा हा ‘प्रथम’ संस्थेचा उपक्रम. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल, हे नशिबावर सोडले गेले. एका गटातल्या शाळांना एका इयत्तेसाठी, दुसऱ्या गटाला दुसऱ्या इयत्तेसाठी. कोणतीच शाळा कोरडी राहिली नाही आणि तुलनाही झाली. मुलांचे, त्यातही मागे पडलेल्यांचे, गुण वाढल्याचे दिसले. ही तपासणी करणाऱ्यांत असलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना, मायकेल क्रेमर यांच्यासह, २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

चिठ्ठी टाकता येत नाही तिथेही वाट काढता येते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावे तुलनेसाठी मोजली. काम सुरू होण्याआधीपासून दोन्हीकडचे बालमृत्यू नोंदले. आधी किती फरक होता आणि नंतर किती झाला, हे ताडून पाहता आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन घेते, त्यामागे हा पुरावा आहे.

आता मोहन्याच्या त्या काल्पनिक वस्तीकडे परत येऊ. गाड्या आणि औषध मर्यादित असेल तर सगळीकडे एकाच दिवशी फवारणी होणारच नसते. कोणत्या गल्लीत या आठवड्यात आणि कोणत्या गल्लीत पुढच्या, हे तक्रारीच्या जोरावर न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवले आणि दोन्हीकडच्या रुग्णांची नोंद सारख्याच काटेकोरपणे ठेवली, तर फवारणीचा उपयोग किती, हे काही हंगामांत कळू शकते. उपयोग निघाला तर ती आणखी लवकर सुरू करता येईल. नाही निघाला तर तेच पैसे साचलेले पाणी शोधायला आणि टाक्या झाकायला वापरता येतील. यात कोणाचे कायमचे नुकसान होत नाही, फक्त क्रम बदलतो.

एखाद्या योजनेने इतके रुग्ण कमी झाले, अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा दोन गोष्टी शोधा. योजना जिथे नव्हती तिथे त्याच काळात काय झाले? आणि योजना कोणाला मिळेल, हे कोणी आणि कसे ठरवले? उंढेऱ्यातल्या न टोचलेल्या ६४ माणसांची नोंद ठेवली नसती तर टोचलेल्या ७१ जणांच्या आकड्याला काहीच अर्थ उरला नसता. त्यांच्यातली २६ माणसे गेली. लशीवर विश्वास ठेवायला आपल्याला जो आधार मिळाला, त्यात त्यांचाही वाटा आहे.